कोल्हापूर ते तिरुपती विमानानं: अंतर किती, वेळ किती आणि हिशेब कसा करायचा

आत्याला तिरुपतीला न्यायचं ठरलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "विमानानं किती लांब हाय रे?" गुडघ्यांमुळे तिला रेल्वेचा प्रवास झेपत नव्हता, म्हणून विमानाचा विचार. मी मोबाइल उघडला तर तीन ठिकाणी तीन आकडे. एका संकेतस्थळावर ६५७ किलोमीटर, रस्त्याच्या नकाशावर साडेआठशेच्या आसपास, आणि रेल्वेनं नऊशेच्या वर. वेळेचंही तसंच. कुठे पाऊण तास, कुठे सव्वा तास, कुठे पावणेदोन. आत्या म्हणाली, "एकच काय ते खरं सांग." खरं म्हणजे त्यातले बहुतेक आकडे बरोबर होते. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होता, एवढंच.

पहिल्यांदा विमानानं जाणाऱ्या, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांचं तिकीट काढून देणाऱ्या प्रत्येकाला हा गोंधळ भेटतो. तो सोडवायला गणित लागतं ते आठवीचं, आणि थोडी विमानतळाची माहिती. कोल्हापूर–तिरुपती हे उदाहरण मी मुद्दाम घेतोय, कारण या दोन गावांचं नातं जुनं आहे. बालाजीचं दर्शन अंबाबाईच्या दर्शनाशिवाय पुरं होत नाही असं आपल्याकडे मानतात, आणि नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून अंबाबाईला मानाचा शालू येतो. दोन्ही विमानतळ लहान, प्रादेशिक. म्हणजे महानगरांच्या विमानतळांवर चालणारे ठोकताळे इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

पहिली पायरी: विमानतळ नक्की कोणता?

कुठल्याही संकेतस्थळावर नुसतं शहराचं नाव टाकू नका, तीन अक्षरी कोड टाका. कोल्हापूरचा कोड केएलएच, तिरुपतीचा टीआयआर. तिकिटावर, बॅगेच्या पट्टीवर, विमानतळाच्या फलकावर हाच कोड असतो.

हे बारीक वाटतं, पण चुका इथेच होतात. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. मोपा जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला. तो उत्तर टोकाला, पेडण्यात आहे, तर दाबोळी वास्कोजवळ. मडगावला जाणाऱ्यानं चुकून मोपाचं तिकीट काढलं तर पुढचा रस्त्याचा प्रवास कितीतरी वाढतो. हैदराबाद नावाचं शहर पाकिस्तानातही आहे. छत्रपती संभाजीनगरचा कोड अजूनही जुन्या काळापासूनचा आयएक्सयू आहे, त्यात शहराच्या नावाचा मागमूस नाही. नाशिकचा आयएसके. त्यामुळे अंदाजानं कोड टाकू नका, एकदा शोधून लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे विमानतळ शहरात नसतो. कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तो उभा राहिला, आणि मार्च २०२४मध्ये त्याला नवी टर्मिनल इमारत मिळाली. तिरुपतीचा विमानतळ रेणिगुंट्याला, शहरापासून पंधराएक किलोमीटरवर, आणि तिथून पुढे तिरुमलाचा घाट चढायचा तो वेगळाच. विमानाचं अंतर मोजतात ते उजळाईवाडी ते रेणिगुंटा. मंगळवार पेठ ते बालाजीचं महाद्वार नव्हे.

दुसरी पायरी: हवाई अंतर काढा

सोपा मार्ग आधी सांगतो. संगणकावर गूगल मॅप उघडा, एका विमानतळावर उजवी कळ दाबा, "अंतर मोजा" निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर टिचकी मारा. सरळ रेषा आणि आकडा दोन्ही दिसतात. ग्रेट सर्कल मॅपर नावाचं संकेतस्थळ तर फक्त याच कामासाठी आहे. तिथे दोन कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकले की काम झालं.

पण एकदा तरी हातानं काढून बघा असा माझा आग्रह आहे. एकदा हातानं काढलं की कोणत्याही संकेतस्थळानं भलता आकडा दाखवला तर तो लगेच डोळ्यांत खुपतो.

पृथ्वीवर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, कुठेही. रेखांशाचं तसं नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असलेला अंश उत्तरेकडे आकसत जातो. कोल्हापूर–तिरुपतीच्या पट्ट्यात, म्हणजे १५ अंशांच्या आसपास, तो साधारण १०७.४ किलोमीटर भरतो. नागपूरच्या अक्षांशावर तो १०४च्या जवळ येतो. हा आकडा काढायचा तर १११.३ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइननं गुणायचं. कॅल्क्युलेटरवर एका बटणाचं काम.

आता आपले दोन विमानतळ. कोल्हापूर १६.६६५ उत्तर, ७४.२८९ पूर्व. तिरुपती १३.६३३ उत्तर, ७९.५४३ पूर्व.

अक्षांशांतला फरक ३.०३ अंश. १११नं गुणलं की ३३६ किलोमीटर, हे दक्षिणेकडचं अंतर. रेखांशांतला फरक ५.२५ अंश. १०७.४नं गुणलं की ५६४ किलोमीटर, हे पूर्वेकडचं.

पुढे पायथागोरस. ३३६चा वर्ग १,१२,८९६. ५६४चा वर्ग ३,१८,०९६. बेरीज ४,३०,९९२. वर्गमूळ ६५६ आणि वर थोडं. संकेतस्थळ म्हणतं ६५७. वहीच्या एका पानावर काढलेला आकडा एका किलोमीटरच्या आत आला. मला दर वेळी याचा आनंद होतो.

ही पद्धत हजारेक किलोमीटरपर्यंत निर्धास्त वापरा. मुंबई–न्यूयॉर्कसाठी नाही, कारण तिथे पृथ्वीचा गोलावा जमेस धरावा लागतो आणि सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर वाकडा दिसतो. परदेशातल्या मुलांकडे जाणाऱ्यांना सीटसमोरच्या पडद्यावर विमान एवढं उत्तरेकडून का जातंय असा प्रश्न पडतो, त्याचं हेच उत्तर.

ही सरळ रेषा नकाशावर ओढून बघा, फार सुंदर जाते. उजळाईवाडीहून निघते, बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागावरून हंपीच्या अगदी जवळून जाते, बळ्ळारीच्या जवळजवळ डोक्यावरून पुढे सरकते, मग आंध्रातला कोरडा प्रदेश, आणि शेवटी शेषाचलमचे डोंगर. खिडकीजवळची जागा मिळाली आणि आभाळ मोकळं असलं तर विमान या रेषेच्या आसपास असताना तुंगभद्रेचा जलाशय शोधा.

वैमानिक किलोमीटर वापरत नाहीत, सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणून काही ठिकाणी याच मार्गाचं अंतर ३५५ असं दिसेल. घाबरू नका, एकक बघा.

तिसरी पायरी: अंतरावरून वेळ

इथे बहुतेक जण एकच चूक करतात. विमानाचा वेग ताशी आठशे, अंतर साडेसहाशे, म्हणजे पन्नास मिनिटं, असं धरतात. काही संकेतस्थळंही नेमका हाच भागाकार करून "उड्डाणाचा वेळ" म्हणून दाखवतात. आत्याला पाऊण तासाचा आकडा सांगणारं संकेतस्थळ त्याच जातीचं.

पहिला प्रश्न विचारायचा तो विमान कोणतं याचा. प्रादेशिक मार्गांवर आपल्याकडे दोन प्रकारची विमानं जास्त दिसतात. एक एटीआर ७२. दोन्ही बाजूंना मोठे पंखे फिरताना दिसतात, सत्तर ते अठ्ठ्याहत्तर जागा असतात, वेग ताशी ५००च्या आसपास. दुसरं एम्ब्रेअर १७५सारखं लहान जेट. त्यात साधारण पाऊणशे जागा, वेग ताशी ८००च्या घरात. तिकीट काढतानाच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, बहुतेक जण तो वाचत नाहीत. वाचा.

दुसरी गोष्ट, विमान हा वेग सगळा वेळ धरत नाही. धावपट्टीपर्यंत जायचं, वर चढायचं, उतरताना वेग कमी करायचा, कधी वळसा घालून रांगेत यायचं. या सगळ्यासाठी मी लहान विमानतळांमध्ये २५ ते ३० मिनिटं धरतो. मुंबई, दिल्लीसारख्या विमानतळाचा संबंध असेल तर ३५ ते ४० धरतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एका वेळी पूर्ण वापरता येत नाहीत आणि विमानांना थांबावं लागतं.

म्हणून सूत्र असं. अंतराला वेगानं भागा, मिनिटं करा, त्यात जादा मिनिटं मिळवा.

एटीआरसाठी ६५७ भागिले ५०० म्हणजे ७९ मिनिटं. त्यात २७ मिळवली की १०६, म्हणजे पावणेदोन तास. लहान जेटसाठी सरासरी ७५० धरा, कारण एवढ्या कमी अंतरात पूर्ण वेग फार वेळ टिकत नाही. ५३ मिनिटं अधिक २७, म्हणजे एक तास वीस मिनिटं.

गंमत बघा, जेटचा वेग दीडपटीच्या वर, पण वाचली फक्त पंचवीस मिनिटं. अंतर जेवढं कमी, तेवढा वेगाचा फायदा कमी. कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर ३०८ किलोमीटर. तिथे एटीआरची ३७ मिनिटं आणि जेटची २५, फरक बारा मिनिटांचा. एवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका असं माझं स्पष्ट मत आहे. उलट गुडघेदुखी असलेल्या माणसाला एटीआर बरं पडतं. त्याचं दार जमिनीपासून कमी उंचीवर असतं, चढायला मोजक्याच पायऱ्या. दार मागच्या बाजूला असतं, म्हणून मागची जागा घेतली तर आतही फार चालावं लागत नाही. पंख वरच्या बाजूला असल्यानं खाली बघायला अडथळा नाही. डोक्यावरचे कप्पे मात्र लहान असतात, फुगलेली हँडबॅग मावत नाही.

चौथी पायरी: तिकिटावरचा वेळ वाचायला शिका

तिकिटावर सुटण्याची वेळ म्हणजे चाकं जमिनीवरून उचलण्याची वेळ नव्हे. विमान उभ्या जागेवरून हलतं ती वेळ. पोचण्याची वेळ म्हणजे विमान दुसऱ्या ठिकाणी आपल्या जागेवर येऊन थांबतं ती. या दोहोंमधल्या वेळेला इंग्रजीत ब्लॉक टाइम म्हणतात, आपल्याकडचे कर्मचारीही तोच शब्द वापरतात. हवेत काढलेला वेळ याहून कमी असतो. विमान दहा मिनिटं आधी पोचलं असं कधी कधी वाटतं, ते कंपनीनं वेळापत्रकात राखून ठेवलेल्या मिनिटांमुळे.

हा ब्लॉक टाइम नीट बघण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. विमान रद्द झालं आणि कंपनीनं नियमाप्रमाणे आधी कळवलं नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांनुसार भरपाई मिळते आणि तिची रक्कम ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, दोन तासांवरच्याला १०,००० रुपये. किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातली जी रक्कम कमी असेल ती. वादळ, धुकं असं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई नाही. कोल्हापूर–तिरुपती दोन्ही प्रकारच्या विमानांनी मधल्या गटात येतं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, आणि तुम्ही वेळेवर चेक-इन केलेलं असलं, तर खाणंपिणं कंपनीनं द्यायचं असतं. मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

देशात कुठेही गेलात तरी घड्याळ एकच, त्यामुळे पोचण्याच्या वेळेतून सुटण्याची वेळ वजा केली की झालं. दुबईला जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवायचं की तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात, म्हणून नुसती वजाबाकी केली तर जाताना प्रवास दीड तास लहान दिसतो आणि येताना तेवढाच लांब.

पाचवी पायरी: रेषा का वाकते आणि वेळ का हलतो

धावपट्टीच्या टोकाला मोठे आकडे रंगवलेले असतात. कोल्हापूरला एका टोकाला ०७, दुसऱ्या टोकाला २५. म्हणजे त्या दिशेनं धावणाऱ्या विमानाचं तोंड होकायंत्रावर साधारण ७० अंशांकडे किंवा २५० अंशांकडे असतं. पूर्व-ईशान्येला, नाहीतर पश्चिम-नैर्ऋत्येला. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं, कारण मग कमी धावपट्टीत उचल मिळते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, त्यामुळे विमान बहुधा पश्चिमेकडे तोंड करून उडतं. तिरुपती आहे आग्नेयेच्या बाजूला, १२० अंशांवर. म्हणजे उडाल्यावर आधी मोठं वळण घ्यायचं आणि मग रस्त्याला लागायचं. पहिल्यांदा बसलेला माणूस घाबरतो, "अहो, हे उलटं कुठं चाललंय?" काही मिनिटांत सरळ होतं.

वाटेतही विमान रेषा पकडून जात नाही. ठरवून दिलेले हवाई मार्ग असतात, लष्करी हवाई हद्दी टाळायच्या असतात, आणि मे महिन्यात वळवाचे ढग असले की त्यांना लांबचा वळसा. ६५७चे प्रत्यक्षात सातशेच्या आसपास होऊ शकतात. आपण मिळवलेल्या जादा मिनिटांत याचा बराचसा भाग येऊन जातो.

वाऱ्याचा हिशेबही करून बघा. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर जमिनीच्या हिशेबानं एटीआरचा वेग ४६० होतो आणि ७९ मिनिटांची ८६ होतात. तोच वारा पाठीवर असेल तर ७३. म्हणून एकाच मार्गाच्या जाण्यायेण्याच्या वेळा तिकिटावर वेगळ्या दिसल्या तर छापण्यात चूक झालेली नसते. पावसाळ्यात दक्षिण भारतावर खाली पश्चिमेचा वारा असतो, पण जेट विमानं उडतात त्या उंचीवर जोरदार पूर्वेचा. त्यामुळे त्या दिवसांत एटीआरला जाताना मदत मिळते, तर जेटला येताना.

सहावी पायरी: थेट विमान नसेल तर

लहान शहरं विमानानं जोडण्यासाठी केंद्र सरकारनं आणलेल्या उडान योजनेतलं पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला–दिल्ली मार्गावर झालं, आणि त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद सेवेलाही झेंडा दाखवला गेला. तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला काही जागांपुरतं २,५०० रुपये भाडं, ही त्या योजनेची ओळख. कोल्हापूरलाही तिचा फायदा झाला, तिरुपतीची थेट सेवा याच योजनेतून मिळाली. पण योजनेतली आर्थिक मदत एका मार्गाला तीन वर्षंच मिळते, त्यानंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा लागतो. म्हणून प्रादेशिक मार्ग सुरू होतात, थांबतात, आठवड्यातले वार बदलतात. शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नका. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. नवरात्र-दिवाळीच्या सुमाराचा प्रवास ठरवत असाल तर ही तारीख जरूर बघा.

थेट विमान नसेल तेव्हा संकेतस्थळ हैदराबादमार्गे तिकीट दाखवतं. कोल्हापूर–हैदराबाद ४४५ किलोमीटर, हैदराबाद–तिरुपती ४१७. एकूण ८६२. म्हणजे सरळ रेषेपेक्षा दोनशे किलोमीटर जास्त. पण खरा फरक किलोमीटरचा नाही. प्रत्येक टप्प्याला ती पंचवीस-तीस मिनिटं पुन्हा मोजावी लागतात, आणि मध्ये थांबायचं. एटीआरनं दोन टप्प्यांची साधारण एक तास वीस आणि एक तास सतरा मिनिटं, मध्ये दोन तास. झाले साडेचार तासांच्या वर. थेट पावणेदोन तासांचे इतके झाले.

मधला वेळ कमी असलेलं तिकीट बघून मोह होतो. आमच्या दादानं एकदा दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली, मध्ये फक्त पन्नास मिनिटं. पहिलं विमान अर्धा तास उशिरा आलं. सामान पट्ट्यावरून घ्या, बाहेर या, पुन्हा आत जा, पुन्हा चेक-इन करा, हे वीस मिनिटांत होणं शक्य नव्हतं. दुसरं तिकीट गेलं. वहिनी आणि लहान मुलगी बरोबर, रात्र विमानतळाजवळच्या लॉजवर काढावी लागली. तेव्हापासून मी घरात नियम घातलाय. दोन्ही टप्पे एकाच तिकीट क्रमांकावर घ्यायचे. मग सामान परस्पर पुढे जातं, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगळी तिकिटं घ्यावीच लागली तर मध्ये किमान तीन तास.

आणखी एक पर्याय लोक विसरतात. बेंगळुरूपर्यंत विमान, हवाई अंतर ५३१ किलोमीटर, आणि पुढे अडीचशेच्या आसपास रस्ता. किंवा चेन्नईपर्यंत, तिथून तिरुपती रस्त्यानं दीडशेच्या आत. तरुण मंडळींना हे चालतं. आत्यासारख्यांना चार-पाच तास गाडीत बसवणं मला पटत नाही.

सातवी पायरी: घराच्या दारापासूनचा वेळ

आत्याला खरं तर हवा होता तो हाच आकडा. विमान किती वेळ उडतं याच्याशी तिला काय करायचंय? घरातून कधी निघायचं, गोळ्या कधी घ्यायच्या, जेवण कुठे, हे तिचे प्रश्न.

देशांतर्गत विमानांचं चेक-इन बहुतेक कंपन्या सुटण्याच्या एक तास आधी बंद करतात आणि विमानात चढण्याचं दार पंचवीस मिनिटं आधी. लहान विमानतळ आहे, गर्दी नाही, म्हणून उशिरा जाऊ नका. सुरक्षा तपासणीच्या रांगा तिथे एकदोनच असतात. पाऊणशे माणसं एकदम आली की अर्धा तास सहज जातो. दीड तास आधी पोचायचं, व्हीलचेअर हवी असेल तर पावणेदोन. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवून ठेवा.

आता बेरीज. मंगळवार पेठेतून उजळाईवाडी अर्धा तास. विमानतळावर दीड तास. विमान पावणेदोन तास. सामान घ्यायला वीस मिनिटं. रेणिगुंट्याहून तिरुपती गावात चाळीस मिनिटं. एकूण पावणेपाच तास. हरिप्रिया एक्स्प्रेसला वीस तासांहून जास्त लागतात. इथे विमान निर्विवाद जिंकतं.

हीच बेरीज मुंबईसाठी करा. घर ते विमानतळ अर्धा तास, दीड तास आधी, विमान सव्वा तास, सामानाला अर्धा तास, आणि मुंबईत उतरल्यावर दादर किंवा ठाण्याला जायला गर्दीच्या वेळी सव्वा तास. पाच तास. गाडीनं पुणेमार्गे पावणेचारशे किलोमीटर, सात-आठ तास. वाचले दोन-तीन तास. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं झोपून गेलात तर दिवस वायाही जात नाही. तरुण, धडधाकट माणसानं चौघांच्या कुटुंबासाठी विमानाचे पैसे घालण्याआधी ही बेरीज जरूर मांडावी. आजारी माणूस असेल, किंवा तिथे एका दिवसाचंच काम असेल, तर गोष्ट वेगळी.

परतीचा हिशेबही आत्ताच करा, आणि तो जरा सैल ठेवा. दर्शनाच्या रांगेला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, सुट्टीच्या दिवसांत तर मुळीच नाही. दर्शन आणि परतीचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. तिरुमलाहून उतरायचा घाट वेगळा आहे, चढायचा वेगळा, आणि उतरून पुन्हा रेणिगुंटा गाठायला मी दीड तास धरतो.

निघायच्या आदल्या दिवशी एक काम करा. फ्लाइटरडारसारख्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका. गेल्या आठवड्यात ते रोज किती वाजता उडालं आणि किती वाजता उतरलं ते दिसतं. सात दिवसांतले पाच दिवस चाळीस मिनिटं उशिरा आलं असेल, तर तिरुपतीला गाडी त्या हिशेबानं बोलवा. पावसाळ्यात, किंवा पहाटेचं धुकं असताना, लहान विमानतळावर उतरायला मोठ्या विमानतळापेक्षा जास्त स्वच्छ दृश्य लागू शकतं, कारण विमानाला खाली आणणारी सगळी उपकरणं तिथे असतीलच असं नाही. अशा दिवसांत सकाळपेक्षा दुपारचं विमान असेल तर ते निवडा.

आत्याच्या पर्समध्ये मी शेवटी एक चिठ्ठी ठेवली, मोठ्या अक्षरात. घरातून नऊला निघायचं. साडेनऊला विमानतळ. अकराला विमान हलणार. पाऊण वाजता रेणिगुंटा. पावणेदोनपर्यंत खोलीवर. दुपारची गोळी विमानातून उतरल्यावर, जेवण खोलीवर पोचून. तिनं ती दोनदा वाचली, घडी घालून ठेवली आणि म्हणाली, "आता कळलं किती लांब हाय ते."